रिकामी अनेझिना

शनिवारी सकाळी बोटीचा भोंगा वाजला तेव्हा बेकरीवाल्या मरुसोच्या उजव्या हातात चंदेरी कागदात गुंडाळलेलं नाणं होतं आणि समोर केकच्या मिश्रणानं काठोकाठ भरलेला भलामोठा ट्रे होता. पुढे जे काही रामायण झालं ते या भोंग्यामुळे. बोट नऊ दिवसांनी येत होती. हिवाळ्यात आमच्या छोट्या बेटावर बोट धक्क्याला टेकते ती जेमतेम पाच मिनिटं. तेवढ्यात ज्यानं आपलं सामान ओढून घेतलं त्याचं ते झालं. नाहीतर ते पुढच्या बेटावर जातं आणि ईस्टरच्या सुमारास परत येतं. म्हणून भोंगा वाजला की पाद्रीबाबा प्रार्थना अर्धी टाकून धावतात आणि न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून. मरुसोचं यीस्ट आणि सहा पोती मैदा त्या बोटीवर होता. हातातलं तिनं एप्रनच्या खिशात टाकलं आणि ती पळाली. परत आली ती दोन पोती भिजली म्हणून नवऱ्याच्या नावानं खडे फोडत, आणि त्याच तावात तिनं ट्रे भट्टीत सरकवला.

हा केक गावाचा. घरोघरी तो एक जानेवारीला कापतात. गावाचा मात्र जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, स्तेलिओच्या कॉफीच्या दुकानात. हिवाळ्यात गाव म्हणजे एकसष्ट माणसं, ती सगळी एका शेगडीभोवती मावतात. केकच्या पोटात नाणं असतं. ते ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष चांगलं जातं, आणि त्याच्या निमित्तानं बेटाचंही.

आणि नाणं निघालंच नाही तर काय होतं, हे मरुसोला पुरतं ठाऊक होतं. तेवीस वर्षांपूर्वी, द्राख्मा हे जुनं चलन जाऊन युरो यायच्या तोंडावर, तिची सासू अनेझिना हिनं केलेल्या केकमधून नाणं निघालं नव्हतं. त्या वर्षी एक मचवा बुडाला, अठरा शेळ्या कड्यावरून पडल्या, शाळा बंद झाली आणि आठवड्यातून तीनदा येणारी बोट दोनदा यायला लागली. सगळ्याचं खापर अनेझिनाच्या माथ्यावर फुटलं. नोमिकोसनं, ज्याला आता सगळं गाव बार्बा, म्हणजे काका, म्हणतं, तिचं नाव पाडलं ‘रिकामी अनेझिना’. नाव चिकटलं ते चिकटलंच. म्हातारी मरेपर्यंत सांगत राहिली, “मी घातलं होतं.” डाव्या कानानं तिला ऐकू येत नसे, त्यामुळे ती मोठ्यानं बोलायची, आणि जो मोठ्यानं सांगतो तो खोटा, असं लोकांना वाटतं. थडग्याचा दगड कोरायला आलेल्या माणसानंसुद्धा विचारलं होतं, “कुठली अनेझिना? रिकामी?”

मरुसो तेव्हा नवी सून. विश्वास तिनंही ठेवला नाही. उलट पाव बांधता बांधता ती गिऱ्हाइकांना ऐकवायची, “वय झालं की विसरतं माणूस. कबूल करायचं, झालं. आमच्यात ती पद्धत नाही.” पुढे बेकरी तिच्या हातात आली, तेव्हापासून दर जानेवारीत नाणं निघत होतं आणि दर जानेवारीत ती सासूच्या फोटोकडे बघून मान उडवत होती. नवरा लिनार्दोस या विषयावर कधीच काही बोलला नाही. तो तसाही भट्टीशीच बोलायचा.

रविवारी दुकान गच्च भरलं होतं. बाहेर नऊ नंबरचा वारा, म्हणजे बोटी बंद, आत ओल्या लोकरीचा आणि लाकडाच्या धुराचा वास. पाद्रीबाबांनी सुरीनं केकवर क्रूस काढला, प्रार्थना म्हटली आणि कापायला सुरुवात केली. गावाचे अध्यक्ष वांगेलिस नावं पुकारत होते.

“ख्रिस्ताचा. पवित्र मातेचा. गावाचा. समुद्रावर असलेल्यांचा. गरिबांचा. आणि यंदा ऐका, ज्याला नाणं निघेल त्याला बोटीचा वर्षभराचा फुकट पास.”

“बोट आली तर,” स्तेलिओ शेगडीजवळून म्हणाला.

मरुसोला शिंक येत होती. रुमालासाठी तिनं खिशात हात घातला. एप्रन घालूनच ती आली होती, केक आपण केलाय हे लोकांना दिसावं म्हणून. हाताला रुमाल लागला नाही. चंदेरी कागद लागला.

शिंक जागच्या जागी विरली. समोर पाद्रीबाबा एकामागून एक तुकडे पाडत होते आणि लोक दाताखाली जपून चावत होते. समुद्रावर असलेल्यांचा तुकडा ट्रेच्या कोपऱ्यात एकटाच पडला होता. ती त्याच्याकडे सरकली आणि मुठीत नाणं धरून वाकली.

“मी जरा चुरा गोळा करते.”

“हात लावू नकोस,” पाद्रीबाबा म्हणाले. “आशीर्वाद झालाय.”

ती वळली. नवऱ्याच्या तुकड्यात घालावं म्हटलं तर लिनार्दोसनं तो केव्हाच संपवला होता. तिचा स्वतःचा तुकडा उरला होता, पण बेकरीवालीलाच नाणं आणि बेकरीवालीलाच पास, यावर तर शेळ्यांनीही विश्वास ठेवला नसता. एवढ्यात शेवटचा तुकडा संपला. मग ख्रिस्ताचा, मातेचा, गावाचा, सगळे तुकडे कुस्करून पाहिले. नाणं कुठेच नव्हतं.

“मरुसो,” अध्यक्ष हळूच म्हणाले, “घातलं होतंस ना?”

“मी घातलं होतं.”

ती हे इतक्या मोठ्यानं बोलली की लिनार्दोसनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. साठ माणसांच्या डोळ्यांत तेवीस वर्षांपूर्वीचं ते नाव उमटताना तिला स्पष्ट दिसलं. ते कोणाच्या तरी ओठांवर येणार, एवढ्यात कोपऱ्यातून बार्बा-नोमिकोस खाकरला.

“मला वाटतं, ते माझ्यात आहे.”

“कुठे तुझ्यात?”

“पोटात. खाली जाताना काहीतरी खटकलं. मला वाटलं अक्रोडाचं टरफल.”

“चाव म्हणून सांगितलं होतं ना,” त्याची बायको काटिंगो म्हणाली.

“कशानं चावू? दात आहेत का?”

नोमिकोस एक्याऐंशीचा. आपला तुकडा संपवून बायकोचाही खायचा त्याचा रिवाज, कारण काटिंगोला संत्र्याची साल आवडत नाही. आणि नंतर, गरीब कोणी आलं नाही असं म्हणून, गरिबांचाही. पोटात टोचतं ही त्याची तक्रार एवढी जुनी होती की त्यानं पोटावर हात ठेवला की लोक विषय बदलत. आता मात्र सगळं दुकान त्याच्या पोटाकडे टक लावून बघत होतं.

“म्हणजे पास मला,” नोमिकोस म्हणाला.

“पुराव्याशिवाय नाही,” अध्यक्ष म्हणाले. “नाणं दाखव, पास घे.”

“आत्ता कसं दाखवू?”

“आत्ता नको,” स्तेलिओ घाईघाईनं म्हणाला. “दुकान आहे हे.”

मरुसो घरी आली ती देवाचे आभार मानत. तिला वाटलं, दोन दिवस लोक वाट बघतील, नाणं हरवलं म्हणतील आणि विसरतील. पण हिवाळ्यात आमच्या बेटावर ते विसरायला लावेल असं दुसरं काही घडतच नाही. सोमवारपासून तपासणीचं काम काटिंगोकडे आलं. ऑलिव्ह चाळायची एक जुनी चाळणी त्यासाठी बाजूला काढण्यात आली. रोज सकाळी दुकानात आधी वाऱ्याचा नंबर सांगत आणि मग नोमिकोसचा अहवाल.

“नऊ.”

“आणि?”

“नाही.”

गावानं कंबर कसली. घराघरातून उकडलेल्या रानभाज्या गेल्या, सुके अंजीर गेले, मसूर गेले, कोणी ऑलिव्ह तेलाची अख्खी बाटली पाठवली. नोमिकोसला इतकं जेवण लग्नातही मिळालं नव्हतं. पाहुणे येत, पोटाला कान लावत आणि मान हलवून जात. “हलतंय का?” विचारलं की तो डोळे मिटून म्हणे, “खालच्या डाव्या बाजूला.”

“आयुष्यभर तुझ्या पोटात एक गोष्ट राहिली नाही,” काटिंगो म्हणाली, “आणि आता नाणं बरं राहिलं.”

इकडे मरुसोची गत म्हणजे चोराच्या मनात चांदणं. कोणी बेकरीत शिरून “मरुसो” म्हटलं की पुढे ‘रिकामी’ येणार असं तिला वाटे. खिशातलं नाणं समुद्रात टाकायला ती दोनदा धक्क्यावर गेली, आणि दोन्ही वेळा तिथे कोणीतरी वाऱ्याकडे बघत उभं होतं. बुधवारी दुपारी ट्रे घासता घासता तिनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. लिनार्दोसनं सगळं ऐकून घेतलं.

“आई म्हणायची, घातलं होतं,” तो म्हणाला.

“मला माहीत आहे त्या काय म्हणायच्या.”

“तू म्हणायचीस, खोटं बोलते.”

एवढं बोलून तो पुन्हा ट्रे घासायला लागला. तेवीस वर्षांत या विषयावर तो बोलला ती ही दोन वाक्यं, आणि मरुसोला ती रात्रीच्या प्रार्थनेलाही ऐकू आली.

गुरुवारी गावच्या दवाखान्यातली डॉक्टर दानाए कॉफीच्या दुकानात आली. सव्वीस वर्षांची पोर, पहिलीच नेमणूक. “आज पाचवा दिवस,” ती म्हणाली. “वय बघता मला धोका पत्करायचा नाही. एक्स-रे हवा. मोठ्या बेटावर न्यायचं.”

“बोट नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“तटरक्षकांची लाँच मागवली आहे. उद्या वारा सातवर उतरेल.”

मरुसोनं हे ऐकलं. सातच्या वाऱ्यात त्या लाँचवर धडधाकट माणसंही आतडी ओकतात. एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा, आणि तोही तिच्या खिशातल्या नाण्यासाठी. काही झालं तर? गावात नाव पडेल ते पडेल, पण हे पाप कुठे फेडायचं? ती तडक पाद्रीबाबांकडे गेली. ते चर्चच्या मागे कोंबड्यांना दाणे टाकत होते. तिनं पापाची कबुली दिली. बाबांच्या हातातले दाणे तिथेच सांडले.

“मी आशीर्वाद दिला त्या केकला,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर.”

“हो बाबा.”

“म्हणजे तू बोललीस तर माझा आशीर्वादही रिकामा.”

“पण म्हाताऱ्याला लाँचमधून नेतायत.”

“समुद्र देवाच्या हातात आहे.”

“आणि नाणं?”

“नाणं तुझ्या खिशात आहे, तिथेच राहू दे. चाळीस दंडवत घाल आणि वारा पडेपर्यंत तोंड उघडू नकोस.”

तिनं दंडवत घातले. गुडघे सोलले, मन काही हलकं झालं नाही. रात्रभर ती कूस बदलत राहिली आणि सकाळी ठरवून टाकलं की काय नाव पडायचं ते पडो.

शुक्रवारी सगळं गाव धक्क्यावर होतं. लाँच लाटांवर वरखाली होत होती. नोमिकोस लग्नातला कोट घालून, वर दोन घोंगड्या गुंडाळून, खुर्चीसकट आला होता. चौघांनी खुर्ची उचलली होती. मरुसो गर्दीत घुसली, त्याच्या कानाशी वाकली.

“बार्बा, थांबा. जाऊ नका. तुमच्या पोटात काही नाही. मी घालायला विसरले. हे बघा.”

तिनं मूठ उघडून दाखवली. नोमिकोसनं चंदेरी कागदाकडे पाहिलं. मग लाँचकडे, गणवेशातल्या दोन पोरांकडे, हात हलवणाऱ्या गावाकडे पाहिलं.

“झाक ते,” तो म्हणाला.

“अहो, पण लाटा बघा केवढ्या.”

“पोरी, वीस वर्षांच्या वर झाली, मी सांगतोय पोटात टोचतं. एकोणीस डॉक्टर आले आणि गेले. सगळ्यांनी तीच पांढरी पावडर दिली. काटिंगो म्हणते गॅस आहे. आज पहिल्यांदा सरकारनं माझ्या पोटासाठी लाँच पाठवली. तू ते दाखवलंस तर लाँचही जाईल आणि मीही असाच मरेन, गॅस आहे म्हणत. झाक म्हणतो ना.”

मरुसोनं मूठ मिटली. खुर्ची लाँचवर चढली, काटिंगो शिव्या घालत मागून चढली आणि दोघं लाटांआड दिसेनाशी झाली. करायला गेली एक आणि झालं भलतंच; आता सत्य लपवण्याचं पाप आणि ते सांगूनही म्हाताऱ्याला न थांबवल्याचं पाप, अशी दोन ओझी घेऊन ती घरी आली.

शनिवारी दुपारी अध्यक्षांचा फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. काटिंगो होती.

“पोचलो. तो तीनदा ओकला, मी पाचदा. ऐका. नाणं आहे.”

“काय?”

“आहे म्हणते ना. एक्स-रेत दिसलं, गोल. मग घशातून नळी घालून काढलं. डॉक्टरनं हातात दिलं माझ्या.”

दुकानात जल्लोष झाला. बायकांनी मरुसोचे मुके घेतले. स्तेलिओनं सगळ्यांना फुकट रकीची दारू पाजली, जे त्यानं मुलीच्या लग्नातही केलं नव्हतं. मरुसोनं खिशात हात घातला. नाणं होतं. तिनं ते दोनदा चाचपलं. समोर पाद्रीबाबा पांढरेफटक पडले होते आणि छातीवर एकामागून एक क्रूस काढत होते. या खोलीत आपल्या हातून चमत्कार झाल्याची शंका फक्त त्यांनाच आली होती.

मंगळवारी वारा पडला आणि बोट आली. नोमिकोस स्वतःच्या पायांनी उतरला. इतका ताठ चालताना त्याला कोणी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. तो तडक दुकानात आला आणि टेबलावर औषधाची एक छोटी बाटली ठेवली.

“घ्या पुरावा. आणा पास.”

अध्यक्षांनी बाटली उपडी केली. नाणं टेबलावर पडलं. काळं, झिजलेलं, पण एका बाजूला डोक्याला रुमाल बांधलेली बाई दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. अध्यक्षांनी चष्मा लावला. मग स्तेलिओनं त्यांचा चष्मा घेऊन स्वतः लावला.

“द्राख्मा आहे हा,” स्तेलिओ म्हणाला.

नोमिकोसचं तोंड उघडं राहिलं. सगळे मनातल्या मनात मागे जात होते: शाळा होती तेव्हाचा तो जानेवारी, तेच दुकान, तीच शेगडी, आणि आपला, बायकोचा आणि गरिबांचा असे तीन तुकडे हादडणारा अठ्ठावन्न वर्षांचा नोमिकोस. ज्यानं केक संपवून मिशा पुसल्या होत्या आणि म्हटलं होतं, “रिकामी अनेझिना.”

नोमिकोसनं टोपी काढली. “तिनं घातलं होतं,” तो म्हणाला. “बिचारी सांगत होती, आणि मी ते पोटात घेऊन तिला नावं ठेवत होतो.”

कोपऱ्यात लिनार्दोस उभा होता. तो पुढे आला, नाणं उचललं, बाहीला पुसलं आणि खिशात टाकलं. त्याला कोणी अडवलं नाही. तो बाहेर गेल्यावर मात्र अध्यक्षांना एक साधा हिशोब सुचला.

“मग यंदाचं कुठे आहे?”

सगळ्या माना मरुसोकडे वळल्या. तिला पळता आलं असतं, खोटं बोलता आलं असतं. ‘मी घातलं होतं’ हे वाक्य तयार होतं आणि आज, उद्या, मरेपर्यंत म्हणता आलं असतं. पण ते वाक्य ज्या बाईचं होतं तिनं ते खरं वापरलं होतं. मरुसोनं खिशातून चंदेरी पुडी काढून टेबलावर ठेवली.

“विसरले. भोंगा वाजला.”

नोमिकोसनं विचारलं, “पण पास मलाच ना?”

“तुझं नाणं तेवीस वर्षांपूर्वीचं,” अध्यक्ष म्हणाले. “त्या वर्षीचं बक्षीस होतं एक कोकरू.”

“मग कोकरू द्या.”

“ते आपण ईस्टरला खाल्लं. तूही होतास.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत पहिली आली काटिंगो. काल याच बाईनं बोटीवरून उतरताच मरुसोचे गाल चुंबले होते. “रिकामी मरुसो, दोन पाव,” ती म्हणाली. रागानं नव्हे, चिडवायलाही नव्हे. नाव पडलं होतं, एवढंच. आता ते थडग्याच्या दगडापर्यंत सोबत येणार. मरुसोनं दोन पाव कागदात बांधून दिले.

काटिंगो गेली. मरुसोनं वर पाहिलं. भट्टीच्या भिंतीवर सासूच्या फोटोशेजारी लिनार्दोसनं एक नवा खिळा ठोकला होता आणि त्याला प्लास्टिकच्या पिशवीत ते काळं नाणं टांगलं होतं. नाण्यावरची बाई आणि फोटोतली बाई, दोघींनी डोक्याला रुमाल बांधले होते आणि दोघी तिच्याकडेच बघत होत्या. पिठानं भरलेले हात तिनं एप्रनला पुसले.

“सासूबाई,” ती हळूच म्हणाली, “घातलं होतंत तुम्ही. माझंच चुकलं.”

भट्टीमागून लिनार्दोसचा आवाज आला.

“मोठ्यानं बोल. तिला एका कानानं कमी ऐकू यायचं.”